चाळणीतून गाळलेला प्राणी

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात अटलांटिक महासागराच्या काठी बोफर्ट नावाचं जुनं बंदर आहे. त्याच्यासमोरच्या पायव्हर्स बेटावर १९०२ साली सरकारी मत्स्य विभागाने एक प्रयोगशाळा बांधली. तिच्या उभारणीत चॅपल हिलच्या विद्यापीठातले जीवशास्त्राचे प्राध्यापक हेन्री व्हॅन पीटर्स विल्सन पहिल्यापासून पुढे होते. याच प्रयोगशाळेत त्यांनी एका जिवंत प्राण्याचे कात्रीने बारीक तुकडे केले, ते रेशमी कापडाच्या पुरचुंडीत घातले आणि ती पुरचुंडी समुद्राच्या पाण्यात धरून चिमट्याने पिळली. कापड अगदी बारीक विणीचं, पिठाच्या गिरण्यांत मैदा चाळायला वापरत तसलं. त्याच्या छिद्रांतून पाण्यात एक तांबडा ढग उतरला.

सूक्ष्मदर्शकाखाली त्या ढगात सुट्या पेशी दिसत होत्या, कुठे दोन-चार पेशींचे पुंजके, मधूनमधून मोडक्या सांगाड्याचे काटे. पेशी भांड्याच्या तळाशी बसल्या. बसल्या तरी स्वस्थ राहिल्या नाहीत. अमीबासारखे हातपाय काढत त्या सरकू लागल्या, एकमेकींना भिडल्या आणि भिडल्या त्या चिकटून राहिल्या. थोड्याच वेळात तळावर लहान लहान गोळे तयार झाले, गोळ्यांना गोळे मिळाले आणि ते काचेला धरून पसरले. पुढच्या काही दिवसांत त्या आकारहीन थरात पोकळ्या पडल्या, पोकळ्यांचे मार्ग जुळले, पाणी आत घेणारी छिद्रं आणि बाहेर सोडणारं मोठं छिद्र तयार झालं, नवे काटे उगवले. आठवडाभरात तिथे एक लहानसा, पण पुरी रचना असलेला प्राणी पुन्हा नांदू लागला.

हा प्राणी म्हणजे मायक्रोसिओना प्रोलिफेरा, कालवांच्या शिंपल्यांवर आणि धक्क्याच्या खांबांवर वाढणारा लाल स्पंज. विल्सन यांनी १९०७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जीवशास्त्रापुढे एक प्रश्न उभा राहिला. देहाची सगळी घडण मोडून टाकल्यावरही तो देह पुन्हा उभा राहत असेल, तर त्याचा आराखडा होता कुठे? या प्रश्नाचा माग काढता काढता पुढच्या शंभर वर्षांत माणसाला आपल्या शरीराच्या बांधणीचे काही मूलभूत नियम कळले. एका दुर्लक्षित प्राण्याचं हे ऋण फार मोठं आहे.

एक की अनेक?

स्पंज हा प्राणी आहे हेच मान्य व्हायला बराच काळ गेला. तो जागेवरून हलत नाही. त्याला तोंड, पोट, मज्जातंतू, स्नायू यांपैकी काही नाही. १८२५ च्या सुमारास एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याचा झोत सतत बाहेर पडताना त्यांना दिसला. स्पंज पाणी खेचतो, त्यातले अन्नकण गाळून घेतो आणि उरलेलं पाणी सोडून देतो. हे काम कॉलर-पेशी करतात. प्रत्येक पेशीला एक चाबकासारखी कशाभिका असते आणि तिच्याभोवती कॉलरसारखं बारीक जाळीदार कडं. अशा असंख्य पेशी आपापल्या कशाभिका हलवतात आणि त्यातून तो झोत तयार होतो. कॉलर-पेशींखेरीज बाहेरून आच्छादणाऱ्या चपट्या पेशी, सांगाड्याचे काटे म्हणजे कंटिका घडवणाऱ्या पेशी आणि आतल्या मऊ थरात फिरणाऱ्या आद्यपेशी, असा स्पंजाचा संसार असतो.

या कथेतलं एक महत्त्वाचं पान मुंबईत लिहिलं गेलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत असलेले हेन्री जॉन कार्टर १८४२ मध्ये मुंबईला आले आणि मधला काही काळ अरबस्तानच्या किनाऱ्याच्या सर्वेक्षणात घालवून पुन्हा इथेच रमले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते चिटणीस होते. त्या काळी मुंबई बेटावर गोड्या पाण्याचे तलाव ठिकठिकाणी होते आणि त्या तलावांत गोड्या पाण्यातले स्पंज वाढत. कार्टर यांनी १८४८-४९ मध्ये त्यांचं तपशीलवार वर्णन छापलं. तलाव आटले की हे स्पंज मरतात आणि मागे बियांसारखे कठीण कवचाचे गोल दाणे ठेवतात. पाणी भरलं की त्या दाण्यांतून नवे स्पंज वाढतात. हे दाणेही त्यांनी बारकाईने तपासले. याच तलावांतल्या एका जातीला पुढे बाउअरबँक यांनी १८६३ साली कार्टर यांचं नाव दिलं. युनॅपिअस कार्टेरी या आजच्या नावाने ती जाती भारतभर आढळते.

कार्टर यांनी स्पंजाचा मऊ भाग फाडून त्यातल्या सुट्या पेशी पाहिल्या होत्या. समूहातून बाहेर पडलेली पेशीही जिवंत राहते, आकार बदलते, अमीबासारखी सरकते, हे त्यांनी नोंदवलं. त्यावरून स्पंज म्हणजे एका प्राण्यापेक्षा अनेक सूक्ष्म जीवांची वसाहत असावी, अशा मताकडे ते झुकले. पुढे अमेरिकेतल्या हेन्री जेम्स-क्लार्क यांनी १८६० च्या दशकात कॉलर-पेशी आणि पाण्यात एकट्याने राहणारे काही कशाभिकाधारी सूक्ष्मजीव यांच्यातलं विलक्षण साम्य दाखवलं, तेव्हा त्या मताला आणखी बळ आलं. स्पंज एक आहे की अनेक, हा वाद विल्सन यांच्या हाती आला तो असा.

व्यापारातून निघालेली वाट

विल्सन मूळचे बाल्टिमोरचे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट घेतली, वुड्स होल इथे मत्स्य आयोगासाठी काम केलं आणि १८९१ मध्ये ते चॅपल हिलला आले. ते स्पंजाकडे वळले त्यात व्यावहारिक कारणाचाही वाटा होता. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर अंघोळीच्या स्पंजांचा मोठा व्यापार चाले आणि भरमसाट उपशामुळे माल कमी होऊ लागला होता. स्पंजाचे तुकडे कापून ते लागवडीसारखे समुद्रात वाढवायचे प्रयोग ऑस्कर श्मिट यांनी एड्रियाटिक समुद्रात १८६० च्या दशकातच केले होते. अमेरिकी मत्स्य विभागही त्याच शोधात होता. विल्सन यांनी आपल्या कामाची पहिली वर्दी १९०७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दिली, तेव्हा स्पंज कृत्रिमरीत्या वाढवण्याची नवी पद्धत म्हणूनच ती मांडली.

कापडातून पिळण्याची कल्पना त्यांना एका मरणपंथाला लागलेल्या स्पंजाने दिली. स्टायलोटेला नावाचा स्पंज टाकीत कोंडून ठेवला की त्याचा बहुतेक देह कुजून जाई. पण काही ठिकाणी पेशी एकत्र येऊन त्यांच्या लहान लहान गाठी जिवंत राहत. अशा गाठीत स्पंजाची एकही रचना शिल्लक नसे. विल्सन यांनी या गाठी कापडाच्या पिशवीत घालून पिशवी बंदराच्या वाहत्या पाण्यात टांगली. गाठींपासून पुन्हा पुरे स्पंज वाढले. रचना हरवलेल्या पेशींत एवढी ताकद असेल, तर चांगल्या धडधाकट स्पंजाच्या पेशी आपणच सुट्या करून पाहाव्यात, हा पुढचा विचार त्यातून आला.

तुकड्यापासून प्राणी वाढतो हे तोवर नवं नव्हतं. अब्राहम त्रांब्ले यांनी १७४० च्या दशकात हायड्रा कापून प्रत्येक तुकड्यातून नवा हायड्रा वाढवला होता आणि सगळा युरोप थक्क झाला होता. पण तुकड्यात मूळ देहाची काहीतरी मांडणी टिकून असते: वर-खाली, आत-बाहेर, शेजार. विल्सन यांच्या कापडातून गेल्यावर यातलं काहीच उरत नव्हतं. हा फरक निर्णायक होता. आराखडा समग्र देहाच्या आकारात कुठेतरी वसतो असं मानणाऱ्यांना आता त्याचा पत्ता पेशींमध्येच शोधावा लागणार होता.

विल्सन यांनी आणखी एक प्रयोग केला आणि माझ्या मते तो पहिल्याहूनही मोलाचा आहे. दोन वेगवेगळ्या रंगांच्या, वेगवेगळ्या जातींच्या स्पंजांच्या पेशी त्यांनी एकाच भांड्यात मिसळल्या. लाल पेशी लाल पेशींकडे गेल्या, दुसऱ्या जातीच्या पेशींनी आपले वेगळे गोळे केले. दोन्ही जातींचा मिळून एक प्राणी झाला नाही. दृष्टी नाही, मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरीही स्पंजाच्या पेशीला आपलं आणि परकं कळत होतं.

पेशी कशा जमतात?

या निष्कर्षांनी युरोपातही खळबळ उडाली. तरुण ज्युलियन हक्सले यांनी नेपल्सच्या प्रसिद्ध सागरी प्रयोगशाळेत सायकॉन या स्पंजावर काम केलं आणि १९११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. केवळ कॉलर-पेशी गोळा झाल्या तर त्यांचे पोकळ गोल तयार होतात, कशाभिका बाहेरच्या बाजूला हलत राहतात, पण त्यातून पुरा स्पंज उभा राहत नाही, असं त्यांना दिसलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल म्युलर यांनी गोड्या पाण्यातल्या स्पंजांच्या पेशी सुट्या करून पुन्हा जुळवल्या आणि पुनर्घडणीत आद्यपेशींना महत्त्व आहे असं सांगितलं.

इथून एक दीर्घ वाद सुरू झाला. गाळणीतून निघालेली पेशी आपलं जुनं काम विसरून कोरी होते आणि नव्याने कुठलीही भूमिका घेते, की कॉलर-पेशी कॉलर-पेशीच राहते आणि फक्त आपली जागा शोधत जाते? विल्सन यांनी आपलं मत प्रयोगागणिक तपासलं आणि १९३० मध्ये, वयाच्या सदुसष्टीच्या आसपास, जेम्स पेनी यांच्याबरोबर या विषयावर पुन्हा सविस्तर निबंध लिहिला. आज दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. बऱ्याच पेशी आपली ओळख राखतात, तर आद्यपेशी आणि कॉलर-पेशी यांना रूप पालटता येतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पेशींतल्या जनुकांच्या हालचाली मोजून दाखवलं की कॉलर-पेशीही आद्यपेशी बनू शकते आणि तिच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात.

पेशी एकमेकींकडे ओढल्या जातात का, हा दुसरा प्रश्न. रशियातून अमेरिकेत आलेले पॉल गाल्त्सॉफ यांनी १९२० च्या दशकात वुड्स होल इथे एकेका पेशीचा मार्ग रेखून पाहिला. दुरून हाक मारल्यासारखं आकर्षण त्यांना आढळलं नाही. पेशी वाट फुटेल तिकडे सरकतात, योगायोगाने भेटतात, आणि भेटल्या की चिकटतात. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम काढून घेतलं की मात्र हे चिकटणं बिघडतं. याच गाल्त्सॉफ यांनी पुढे अमेरिकी कालवांवर प्रमाणभूत ग्रंथ लिहिला, त्यामुळे त्यांचं हे स्पंजांवरचं काम काहीसं झाकलं गेलं. पण त्यांच्या निरीक्षणाने शोधाची जागा नक्की केली. रहस्य दूरच्या संदेशात नसून स्पर्शाच्या क्षणात होतं.

स्पंजाकडून कोंबडीच्या भ्रूणाकडे

स्पंज हा सर्वांत साधा प्राणी, त्याला जे जमतं ते वरच्या प्राण्यांना जमणार नाही, असं पुष्कळांना वाटे. हा समज जोहान्स होल्टफ्रेटर यांनी मोडला. बेडूकवर्गीय प्राण्यांच्या भ्रूणांतल्या पेशी सुट्या करून त्यांनी मिसळल्या. १९५५ मध्ये फिलिप टाउन्स यांच्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या कामात त्यांनी दाखवलं की त्वचेच्या होऊ घातलेल्या पेशी बाहेरच्या बाजूला येतात, आतल्या थराच्या पेशी आत जातात. मिश्रणातून थर आपोआप वेगळे होतात आणि भ्रूणात असतात तसेच लागतात.

आरोन मोस्कोना यांनी १९५२ मध्ये ट्रिप्सिन हे विकर वापरून कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊती सुट्या पेशींत मोडायची पद्धत बसवली. १९५७ मध्ये त्यांनी कोंबडी आणि उंदीर यांच्या भ्रूणपेशी एकत्र केल्या. इथे स्पंजाच्या उलट घडलं. दोन जातींच्या एकाच ऊतीच्या पेशींनी एकत्र येऊन मिश्र ऊती घडवली. वेगवेगळ्या ऊतींच्या पेशी मात्र वेगळ्या झाल्या. म्हणजे पृष्ठवंशी प्राण्यांच्या पेशी आधी ऊती ओळखतात. ‘तू कोणत्या प्राण्याची?’ यापेक्षा ‘तू यकृताची की कूर्चेची?’ हा प्रश्न त्यांच्या लेखी मोठा ठरतो.

मग मोस्कोना पुन्हा स्पंजाकडे वळले, कारण ओळखीच्या रसायनाचा शोध साध्या प्राण्यात घेणं सोपं होतं. त्यांच्याकडे काम करणाऱ्या टॉम हम्फ्रीज यांनी १९६३ मध्ये फार सुरेख प्रयोग केला. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसलेल्या समुद्री पाण्यात त्यांनी स्पंजाच्या पेशी सुट्या केल्या. या पेशी नेहमीच्या पाण्यात, ५ अंश सेल्सिअसच्या थंडीत घुसळल्या तर जमत नसत. पण ज्या पाण्यात त्या सुट्या झाल्या होत्या ते पाणी, कॅल्शियमसह, परत त्यांच्यात घातलं की थंडीतही त्या लगेच एकत्र येत. पेशींच्या पृष्ठभागावरून निसटलेलं काहीतरी त्या पाण्यात होतं. मायक्रोसिओनाचं पाणी मायक्रोसिओनाच्या पेशी जोडे, हॅलिक्लोना या दुसऱ्या स्पंजाचं पाणी हॅलिक्लोनाच्या. विल्सन यांच्या भांड्यात दिसलेली ओळख आता कुपीत भरता येत होती.

या जोडणाऱ्या पदार्थाला समूहन-घटक म्हणतात. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचं रूप दाखवलं: मधे एक वर्तुळ आणि त्यातून बाहेर पसरलेले लांब हात. प्रथिनं आणि शर्करा यांचा हा प्रचंड रेणू आहे. हात पेशींना धरतात, वर्तुळं कॅल्शियमच्या साक्षीने एकमेकांत गुंततात. १९९५ मध्ये ग्राडिमिर मिसेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दोन रेणूंमधली पकड प्रत्यक्ष मोजली. ती ४०० पिकोन्यूटनपर्यंत भरली. एवढ्या बळावर रेणूंची एक जोडी १६०० पेशींचं वजन तोलू शकते.

शरीर टिकतं कशावर?

सगळ्या जातींत ही निवड विल्सन यांना दिसली तितकी काटेकोर असते असं नाही. काही जोड्यांत दोन जातींच्या पेशी आधी एकत्र चिकटतात आणि मागाहून वेगळ्या होतात. ही वेगळी होण्याची क्रिया केवळ पकडीच्या कमीजास्त जोरानेही घडू शकेल, असं माल्कम स्टाइनबर्ग यांनी १९६३ मध्ये मांडलं. तेल आणि पाणी ढवळून ठेवलं की ती आपसूक वेगळी होतात. पेशींचंही तसंच, जास्त घट्ट चिकटणाऱ्या आत जमतात, सैल चिकटणाऱ्या त्यांना वेढून राहतात.

पृष्ठवंशी प्राण्यांतला पकडीचा रेणू जपानच्या मासातोशी ताकेइची यांना सापडला. १९७० च्या दशकात ते क्योटोहून बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले. तिकडे क्योटोसारखंच काम करूनही पेशी एकत्र येईनात. शोध घेतला तेव्हा कळलं की तिथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात कॅल्शियम बांधून ठेवणारं एक रसायन होतं. कॅल्शियम नसलं की ट्रिप्सिन पेशीवरच्या एका विशिष्ट प्रथिनाचे तुकडे करतं, कॅल्शियम असलं की ते प्रथिन वाचतं. या धाग्यावरून १९८० च्या दशकात कॅडहेरिन ही प्रथिनं हाती आली. आपल्या त्वचेच्या, आतड्याच्या, मूत्रपिंडाच्या पेशी एकमेकींना धरून आहेत त्या प्रामुख्याने त्यांच्यामुळे. अनेक कर्करोगांत ही पकड सुटते आणि पेशी आपली जागा सोडून शरीरभर पसरू लागतात. गाल्त्सॉफ यांच्या वेळचं कॅल्शियम इथेही भेटतं.

स्पंजाचा समूहन-घटक आणि आपली कॅडहेरिन हे वेगळे रेणू आहेत. पण २०१० मध्ये ग्रेट बॅरियर रीफवरच्या अँफिमेडॉन या स्पंजाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा कॅडहेरिनसकट पेशी जोडणाऱ्या, वाढ आवरणाऱ्या आणि परकं ओळखणाऱ्या अनेक जनुकांचे गट त्यात मिळाले. अनेक पेशींनी मिळून एक होणं हा करार प्राणिसृष्टीच्या अगदी आरंभी झाला होता आणि त्याची कलमं स्पंजाने आणि आपण दोघांनीही जपली आहेत.

आज जगभरच्या प्रयोगशाळांत सुट्या मूलपेशींपासून अवयवांच्या लहान प्रतिकृती म्हणजे ऑर्गनॉइड वाढवतात. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने एकेका मूलपेशीतून आतड्याची रचना वाढवली. २०११ मध्ये जपानमधल्या योशिकी सासाई यांच्या गटाने भ्रूणाच्या मूलपेशींतून डोळ्याच्या आरंभीच्या वाटीचा आकार आपोआप उमलताना दाखवला. या क्षेत्राचा इतिहास सांगणारे लेख बहुधा १९०७ पासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. पेशींना योग्य सोबत आणि योग्य पाणी द्या, रचना त्या स्वतः करतील, हा विश्वास विल्सन यांच्या काचपात्रातून आला.

पेशी एकमेकींना कशा धरतात, हा त्यांच्या शोधाचा अर्धा भाग आता बराच उलगडला आहे. उरलेला अर्धा अजून अभ्यासाखाली आहे. अनेक जातींच्या पेशी गोळा होतात आणि गोळ्याच्या अवस्थेतच थांबतात. मायक्रोसिओनासारख्या थोड्या जाती पुढे जातात, पोकळ्या पाडतात, मार्ग जोडतात आणि पाणी वाहतं करतात. गोळ्यापासून देहाकडे नेणारी ती पायरी समजली, तर जखम भरणं आणि अवयव पुन्हा घडवणं यांविषयीचं आपलं ज्ञान खूप पुढे जाईल.

स्पंज एक की अनेक, या कार्टर यांच्या काळच्या प्रश्नाचं उत्तरही या इतिहासात आहे. स्पंजाच्या पेशी अनेक आहेत आणि त्या सतत एकमेकींना ओळखतात, धरतात, जागा देतात, म्हणूनच स्पंज एक आहे. आपलं शरीरही याच रीतीने एक राहिलं आहे. ज्या प्राण्याला आपण बादलीत बुडवून भिंत पुसण्यापुरतं ओळखलं, त्याने हे आपल्याला शिकवलं. म्हणून कोणता जीव अभ्यासण्याजोगा आणि कोणता क्षुल्लक, हे आधीच ठरवण्याचा अधिकार विज्ञानाने स्वतःकडे घेऊ नये.